अप्पांनी न घेतलेला अर्थ

सिद्धलिंगप्पा आयुष्यात कुणापुढं वाकले नाहीत आणि मेल्यावरही वाकायला तयार नव्हते.

सकाळी थोरला लेक गुरुलिंग बंगळूरहून पोचला. थंड पेटीचं झाकण उघडलं. स्वामींनी अप्पांचा गुडघा मुडपून बघितला, तो वाकेना. लेक दाक्षायणी स्वामींच्या तोंडाकडं बघत राहिली.

लिंगायताला बसवून माती देतात. मांडी घालून, हातात इष्टलिंग देऊन. म्हणून जीव गेला की आधी माणसाला भिंतीशी टेकवून बसवायचं, रडायचं ते मागनं. हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण अप्पा गेले काल दुपारी, ऐन एप्रिलात. भाऊ यायला सकाळ होणार आणि घरात ही एकटी. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं उन्हाचा तेवढा विचार केला, भाड्यानं पेटी मागवली आणि बापाला तिच्यात सरळ झोपवलं. रीत आठवली ती आत्ता, स्वामींचं तोंड बघून.

"आडवंच न्यावं लागतंय आता," गुरुलिंग म्हणाला. "लोकं ताटकळल्यात, दाक्षा. कोण काय म्हणत न्हाय."

"अप्पा म्हणत होते की, अण्णा. मला आडवं न्यायचं न्हाय म्हणून."

खरंच म्हणत होते. जन्म यंत्रमागापुढं उभ्यानं गेलेला माणूस, दुपारची डुलकीसुद्धा खुर्चीत ताठ बसून काढायचा. आजारपणात दाक्षायणीला त्यांनी दोनदा बजावलं होतं, आणि तिनं 'व्हय' म्हटलं होतं.

पेटीकडं बघता बघता तिला झाडाच्या नावाची एक चिठ्ठी आठवली. कॉलेजासाठी वाळवलेली झाडं ती कागदावर चिकटवून खाली नावाच्या चिठ्ठ्या लावत होती आणि अप्पांनी चष्मा वर करून एका नावावर बोट ठेवलं होतं. "ह्ये रिजिडा काय हाय?"

लॅटिन शब्द, तिनं सांगितलं. ताठ देठाचं झाड. न वाकणारं काहीही. माणसाला लावला तर करड्या शिस्तीचा. आणि थंडीनं गारठून आखडलेल्यालाही तोच शब्द लावत.

अप्पा मिशीत हसले. "माझंच नाव लिवलंय की. त्ये गारठलेलं तेवढं सोडून. सोलापूरच्या माणसाला त्ये लागत न्हाय."

नेमकं तेच लेकीनं त्यांच्या गळ्यात घातलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ रागही आला. हात बांधून उभं राहण्यात काही अर्थ नव्हता.

दारात कासीम उभा होता, अप्पांच्या कारखान्याचा जुना फिटर.

"कासीमचाचा, अक्कलकोट रोडच्या आपल्या कारखान्यातनं टॉवेल आणा. जाड बघून आणा. आणि कुणीतरी बंब पेटवा."

"वेळ लागंल," स्वामी म्हणाले.

"लागू दे, स्वामीजी. गारठ्यानं धरून ठिवलंय. ऊब दिली, चोळलं, की सुटंल."

अप्पांना पेटीतनं काढून सतरंजीवर ठेवलं. कढत पाण्यातनं पिळलेले त्यांच्याच मागावरचे टॉवेल मांड्यांवर, गुडघ्यांवर पडू लागले. दाक्षायणी एक गुडघा चोळत बसली. गुरुलिंग पँट वर सारून दुसऱ्या गुडघ्याशी बसला. बापाच्या पावलांच्या वर दोघांचा हात कधी गेलाच नव्हता. पाया पडताना लागेल तेवढाच. गुडघे कसे बारीक होते, पोराच्या गुडघ्यांसारखे. दाक्षायणीला तिथंच रडू फुटलं, पण हात चालूच होते. बाहेर मांडवात लोक घड्याळ बघत होते, मग ते बघायचेही थांबले.

ऊन चांगलंच चढल्यावर डावा पाय हळूहळू मुडपला. उजव्यानं आणखी छळलं, मग तोही आला. मांडी बसली. स्वामींनी कपाळाला विभूती लावली, तळहातावर इष्टलिंग ठेवलं आणि सगळ्यांनी मिळून अप्पांना फुलांनी सजवलेल्या पालखीसारख्या विमानात बसवलं.

कासीमनं मागं जाऊन बघितलं. "ताई, पाठ तेवढी तशीच ताठ हाय. शेकू का अजून?"

"ती ऱ्हाऊ द्या, चाचा," दाक्षायणी म्हणाली. "ती गारठ्यानं न्हाय. त्यो अर्थ त्यांनी घेतलेला हाय."