न घेतलेलं नाव

स्वप्नाली मनिलाहून डॉक्टर होऊन वडवणीजवळच्या आपल्या गावी परतली, तेव्हा तिच्या वडिलांनी वेशीपासून घरापर्यंत हलगी लावली होती. वडील भगवानराव हे ऊसतोडीचे मुकादम. दर दिवाळीनंतर चाळीस जोड्या नवरा-बायको ट्रकात बसवून ते कर्नाटकाकडच्या कारखान्यावर न्यायचे, आणि उन्हाळ्यात परत आणायचे. त्याच धंद्यावर लेक परदेशात शिकली होती. परदेशी पदवीवाल्यांना द्यावी लागणारी इथली परीक्षा ती दुसऱ्या खेपेला पास झाली आणि बीडच्या एका खाजगी दवाखान्यात कामाला लागली.

मनिलात डॉक्टरकीच्या आधी एक विषय सगळ्यांना सक्तीचा होता. त्या देशाच्या एका माणसाचं चरित्र. तो डोळ्यांचा डॉक्टर होता. आईची नजर जायला लागली म्हणून युरोपात जाऊन त्यानं डोळ्यांचं शिकून घेतलं आणि परत येऊन स्वतःच्या हातानं आईचं ऑपरेशन केलं. पण त्यानं दोन कादंबऱ्याही लिहिल्या. स्पेनचे अधिकारी आणि मठातले पाद्री लोकांना कसे पिळतात, ते त्यात सरळ लिहिलं. त्यापायी त्याला दूरच्या बेटावर पाठवलं, आणि शेवटी पस्तिसाव्या वर्षी मैदानात उभं करून गोळ्या घातल्या. गोळ्या घालायच्या आधी लष्करी डॉक्टरनं त्याची नाडी पाहिली, ती नेहमीसारखी चालली होती, असं तिकडे सांगतात. आता गावोगावच्या चौकात त्याचा पुतळा आहे. कोठडीपासून त्या मैदानापर्यंतच्या रस्त्यावर त्याच्या शेवटच्या चालण्याची धातूची पावलं बसवली आहेत. स्वप्नाली एका रविवारी त्या पावलांत पाय ठेवून चालली होती आणि तिला रडू आलं होतं.

हे सगळं तिनं फोनवर आईला सांगितलं होतं. त्याचं नाव विमलबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्या त्याला डोळ्यांचा डॉक्टरच म्हणायच्या. गोष्ट ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्याच्या आईचं काय झालं?"

"ती पुढं पंधरा वर्षं जगली."

"बाई गं," विमलबाई म्हणाल्या.

दवाखान्यात चार महिने झाले असतील. ऑपरेशनच्या बायांना घरी सोडताना कागद तयार करायचं काम स्वप्नालीकडे आलं. गर्भपिशवी काढलेल्या बायांची वयं बघून ती थांबली. सव्वीस. चोवीस. एकोणतीस. सोनोग्राफीत म्हणावं असं काही नव्हतं. अंगावरून पांढरं जात होतं, पोटात दुखत होतं. दोन आठवडे गोळ्या दिल्या असत्या तर बऱ्या झाल्या असत्या. संमतीपत्रावर बाईचा अंगठा होता आणि खाली, सोबत आलेल्या माणसाची सही. अकरा कागदांवर एकच सही होती. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं तीच सही असायची.

त्या अकरातली एक गावातलीच होती, छबुबाई. स्वप्नाली तिच्या घरी गेली. छबुबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. सव्वीस वर्षांची बाई, पण उठताना भिंतीला धरून उठली.

"मुकादम म्हणले, क्यान्सर व्हईल, पिशवी काढून टाक," ती म्हणाली. "डॉक्टरबी तेच म्हणले. फडात पाळीचा तरास लई व्हतो ताई, खाडा पडतो. म्हणलं, कटकट जाईल. आता कंबर धरती, रात-रात झोप न्हाई. हे आसं व्हतंय, ते कुणीच सांगितलं न्हाई."

स्वप्नालीनं घरी येऊन वडिलांना विचारलं. भगवानराव ओसरीवर दाढी करत होते. त्यांनी आरसा खाली ठेवला नाही.

"बायाच मागं लागत्यात," ते म्हणाले. "बाई आजारी पडली की जोडी बसून राहती, टोळी मागं पडती, कारखान्याच्या शिव्या मीच खातो. सगळे मुकादम नेत्यात, म्या एकट्यानंच नेलं का? आन् तू बोलतीस कावून? ह्याच टोळीवर डॉक्टर झालीस तू."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

तिनं तीन आठवडे लिहिलं. दहा गावांतल्या बाया गाठल्या. वयं, कागद, काय सांगितलं, पुढं काय झालं, सगळं. बीडमध्ये बंकट नावाचे गृहस्थ एक साप्ताहिक चालवायचे, त्यांच्याकडे ती लेख घेऊन गेली. त्यांनी तो दोनदा वाचला.

"दवाखान्याचं नाव मी टाकत नाही, कागद तुमच्या हातात नाहीत," ते म्हणाले. "पण ह्या मुकादमाचं नाव? ह्या अकरा बाया एकाचंच सांगतात म्हणता."

"एक मुकादम, एवढंच असू द्या."

बंकट सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्यांना आडनाव माहीत होतं. पुढं त्यांनी विचारलं नाही.

लेख छापून आला आणि आठ दिवसांत दवाखान्यानं तिला कामावरून काढलं. मोबाइलवर लेख फिरत राहिला. महिन्याभरानं चौकशीला सरकारची तिघांची समिती गावात येणार असं कळलं. त्या आधीच भगवानराव घरोघर जाऊन आले होते. कुणाला दम दिला नाही. पुढच्या वर्षी टोळीत जागा राहील का ते बघावं लागेल, एवढंच बोलून आले. बाया एकेक करून मागं हटल्या. छबुबाई मात्र म्हणाली, "ताई, तुमी आधी नाव सांगा. मंग मी बी सांगते. माझं एकटीचं कोण ऐकणार हाय?"

"मी सांगते," स्वप्नाली म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

समितीच्या दिवशी सकाळी विमलबाईंनी तिचे केस विंचरले. किती वर्षांनी विंचरले असतील. वेणी घालून झाल्यावर त्या मागूनच म्हणाल्या, "आत टाकतील का त्यांना?"

"माहीत नाही, आई."

"तू सांगितलं व्हतंस, त्या डोळ्याच्या डॉक्टरची आई मागं जगली. म्या लई दिस इचार केला, ती कशी जगली आसंल. मला न्हाई जमायचं, स्वप्ने."

ग्रामपंचायतीच्या खोलीत टेबलामागं तिघं बसले होते. मधल्या बाई अधिकारी नीट बोलत होत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, लेखाचं कौतुक केलं. दवाखान्यानं ते अकरा कागद सापडत नाहीत असं लिहून दिलंय, हेही सांगितलं.

"म्हणून तुमचं सांगणं महत्त्वाचं. सह्या कुणाच्या होत्या?"

खिडकी उघडी होती. बाहेर ओट्यावर छबुबाई बसली होती. पलीकडे लिंबाखाली भगवानराव, टोपी मांडीवर ठेवून. स्वप्नालीचं काळीज एवढ्या जोरात उडत होतं, की तिनं नकळत स्वतःचंच मनगट धरलं.

"मला ओळखू आल्या नाहीत," ती म्हणाली.

"एकही नाही?"

"नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं. नंतर छबुबाई आत गेली. स्वप्नाली दाराशीच उभी होती, तिला शब्द न् शब्द ऐकू आला.

"आमी आमच्या मनानं केलं," छबुबाई म्हणाली. "कुणी नेलं न्हाई."

चौकशी तिथंच संपली. बंकट सरांना वकिलाची नोटीस आली आणि त्यांनी पहिल्या पानावर माफी छापली. त्यांनी स्वप्नालीला फोन केला नाही, तिनंही केला नाही. भगवानराव तिच्याशी पूर्वीपेक्षा मऊपणानं वागायला लागले. बाजारातून तिच्यासाठी सीताफळं आणायचे. ते तिला सोसेना.

दिवाळी झाली. ट्रक शाळेजवळ लागला. भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं चढत होती. स्वप्नाली कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा घेऊन छबुबाईकडे गेली.

"रोज एक, जेवल्यावर," ती म्हणाली. मग तिच्यानं राहवेना. "छबुबाई, माझं चुकलं."

छबुबाईनं डबा पदरात बांधला. "बाप हाय तुमचा. माझा आसता तर म्या बी न्हाई घेतलं आसतं नाव." तिच्या आवाजात राग नव्हता. स्वप्नाली महिनाभर त्या रागाची वाट बघत होती.

ट्रकात छबुबाईची धाकटी जाऊ, सुनिता, गाठोड्याला टेकून पोट दाबून बसली होती. बावीस-तेवीस वर्षांची असेल.

"हिला काय होतंय?"

"तेच. पांढरं जातंय. मुकादम म्हणले, परत आल्यावर हिला बी दाखवू."

"दाखवू नका. गोळ्या देते मी, बरी होईल ती. छबुबाई, हिची पिशवी काढू देऊ नका."

"आमच्या हातात हाय का ते?" छबुबाई म्हणाली. "तुमी सांगा की मुकादमाला."

भगवानराव ट्रकाच्या मागं उभे राहून माणसं मोजत होते. त्यांनी लेकीकडे पाहून हात वर केला, घरी जा, ऊन लागेल, असा. स्वप्नाली चार पावलं त्यांच्याकडे गेली. ते मोजायचे थांबले आणि तिच्या बोलण्याची वाट बघू लागले.

"पाण्याचा कॅन घेतला का, दादा?" तिनं विचारलं.

"घेतलाय," ते म्हणाले, आणि त्यांनी फाळका लावला.