निना भाषणं देते

निना झेलिकोव्ह बावीस वर्षं विनोद सांगून पोट भरते आहे आणि बावीस वर्षं तिची आई फ्रेडा आमच्या ब्रुकलिनच्या ज्यू प्रार्थनाघरात, सिनेगॉगमध्ये सांगते आहे, "निना भाषणं देते."

कशावर, असं कोणी विचारत नाही. भाषणांची आमच्याकडे टंचाई नाही.

मुलीनं मुलीशी संसार थाटला, याची फ्रेडाला लाज नव्हती. म्हणजे तीन दिवस होती. चौथ्या दिवशी सून किडनीची डॉक्टर निघाली आणि फ्रेडानं आसवं परत घेतली. उरला धंदा. लोकांनी हसावं म्हणून उभी राहणारी मुलगी कुठल्या तोंडानं सांगायची? निनाचं मागणं मात्र एवढंच होतं, की आईनं चारचौघांत एकदा खरं सांगावं.

यंदा सिनेगॉगच्या वार्षिक जेवणाला ठरवलेल्या जादूगाराची कंबर धरली आणि ऐनवेळी निनाला बोलावणं गेलं. मी फ्रेडाच्याच टेबलावर होतो. तिच्या पलीकडे तिची मैत्रीण, पेशा पर्लमटर.

"अगं, आज भाषण कशावर?" पेशानं विचारलं.

"ऐक की गप."

निनानं माइक हातात घेतला. "आपल्या पूर्वजांनी चाळीस वर्षं वाळवंटात काढली. शुक्रवारी आईची कोंबडी खाल्ली, की मला तो सगळा प्रवास आठवतो."

सगळे हसले. फ्रेडा हसली नाही. कोंबडी तिची होती. मग निनानं सुनेची आणि परत घेतलेल्या आसवांची गोष्ट काढली. धर्मगुरू चष्मा काढून डोळे पुसू लागले. पेशा तेवढी हाताची घडी घालून, पाठ ताठ करून बसलेली.

फ्रेडानं पाच मिनिटं सहन केलं. मग काटा खाली ठेवला.

"पेशा, तू हसत का नाहीस?"

"भाषणात कसं हसायचं, फ्रेडा? बरं दिसत नाही."

"भाषण नाहीये ते. कॉमेडियन आहे माझी मुलगी. हस."

फ्रेडाला हळू बोलता येत नाही. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं. निना वाक्याच्या मधेच थांबली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला पुढचं आठवेना.

"थांबलीस का?" फ्रेडा म्हणाली. "आणि कोंबडी कोरडी नव्हती. तू उशिरा आलीस."

तेव्हा कुठे पेशा हसली.