गल्लीची झोप

पिंपरीच्या कामगार वसाहतीत यशोधरा शाळेसाठी तक्ता रंगवत होती. रातपाळीची माणसं दिवसा झोपतात, तेव्हा चौकातला तो मेला लाउडस्पीकर बंद ठेवा, हे तिला गल्लीला पटवायचं होतं. प्रत्येकाच्या नावापुढे झोपेचे तास निळे. रंगवता रंगवता तक्त्यावरची गल्ली तळ्यासारखी डुलायला लागली. बाबा, काका, दादा, तिघं तीन पाळ्यांचे, निळ्या पाण्यावर तरंगत होते. तिघांचे डबे करणाऱ्या आईची ओळ तेवढी कोरडी.

"आई, तू कधी झोपतेस गं?"

तिनं वळून पाहिलं. पोळपाटाशीच, भिंतीला टेकून आईचा डोळा लागला होता. यशोधरानं श्वास रोखून तिच्या ओळीत निळा थेंब टेकवला.

तेवढ्यात कंपनीचा भोंगा झाला. आई दचकून सावरली.

"जागीच आहे मी," ती म्हणाली.