शोकेसमधली चष्मेवाली

वत्सलाबाई या नवरात्रात तंजावरला येणार असं आईच्या फोनवरून कळलं आणि मी मद्रासहून रात्रीची गाडी पकडली. पिशवीत दोन साड्या होत्या आणि एक व्हिडिओ कॅसेट. साड्या विसरल्या असत्या तरी चाललं असतं.

वत्सलाबाई आमच्याच वीदीतल्या, म्हणजे आमच्याच गल्लीतल्या, आईच्या बालमैत्रीण. लग्न होऊन पुण्याला गेल्या आणि पार पुण्याच्या झाल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यासाठी आपल्या पुतण्याचं स्थळ आणलं. मंडळी आली, आईने जीव ओतून स्वयंपाक केला. मुलाच्या आईने मला विचारलं, पुण्यात राहशील ना? मी मान डोलावली. आमच्याकडे हो म्हणायची तीच रीत, मान अशी या खांद्याकडून त्या खांद्याकडे. त्या बाईंना काही उमजेना. तेवढ्यात आई मध्ये पडली आणि आमच्या घरच्या मराठीत, आमच्या हेलात, मुलगी हो म्हणते आहे असं सांगू लागली. मंडळी एकमेकांकडे बघून गालात हसली.

वत्सलाबाईंना त्या मानेचा अर्थ माहीत नव्हता? याच मातीत वाढलेली बाई! एक शब्द बोलल्या असत्या तर भागलं असतं. त्यांनी गालावर बोट ठेवलं, साखळीचा चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "आमच्या तंजावरच्या बाहुल्या अशाच. मान डोलते, आत पोकळ. आणि बोलल्या तर त्याहून गंमत." सगळा सोपा हसला. आई आत गेली, ती मंडळी जाईपर्यंत बाहेर आली नाही.

स्थळ गेलं त्याचं मला सुतक नव्हतं. पण त्या दिवसापासून आईने परक्यासमोर मराठी बोलणं सोडलं. घरात आमच्याशी बोलायची, पण दाराशी कोणी आलं की तमिळ. मराठी घरची बाई आली तरी तमिळच. माझ्या आईची जीभ त्या बाईने पुण्याला नेली होती आणि ती मला परत हवी होती, व्याजासकट.

देश खुला झाला आणि अमेरिकेतल्या कार्टून फिल्मांमधल्या अस्वलांना मद्रासमधल्या मायलापूरच्या पोरी निळा रंग देऊ लागल्या. त्यातलीच मी एक. आमच्या कार्टून स्टुडिओतले कल्याणराम सर भले माणूस, रविवारी मशीन वापरू देत. त्या रविवारांतून मी चार मिनिटांची फिल्म केली. मान डोलवणारी एक मातीची बाहुली पुण्याच्या काचेच्या शोकेसमध्ये राहायला जाते. तिथल्या बाहुल्या ताठ. चहा हवा का विचारतात, ही मान डोलावते, त्या नको समजून कप उचलून नेतात. मग सगळ्या मिळून तिची मान सरळ करायला घेतात: गळ्यात टाय बांधतात, कागद कोंबतात, डोक्यावर वरवंटा ठेवतात. या सगळ्याची म्होरकी एक चष्मेवाली, गालावर बोट, चष्म्याला साखळी. शेवटी बाहुलीला शिंक येते आणि सगळं शोकेस डोलायला लागतं, चष्मेवाली धाडकन खाली. ते बोट काढायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला. हुबेहूब जमलं होतं.

आमच्याकडे नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. संध्याकाळी वीदीतल्या बायका येतात, गाणं म्हणतात, सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खातात, कुंकू घेऊन जातात. त्या संध्याकाळी मी कोलूशेजारी टीव्ही मांडला आणि वत्सलाबाईंना अगदी समोर बसवलं. आई आत सुंडलाला फोडणी देत होती. फिल्ममध्ये काय आहे हे मी तिलाही सांगितलं नव्हतं.

कप उचलून नेला तिथे पहिला हशा पिकला. वरवंट्यापाशी बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी टीव्हीकडे बघतच नव्हते. आता कोणीतरी चष्मेवाली ओळखेल, कोपराने ढोसेल, सगळ्या माना एकीकडे वळतील, एवढ्यासाठी मी उभी होते.

फिल्म संपली. बँकेतल्या चंद्रमतीअक्का डोळे पुसत म्हणाल्या, ही तर मीच, मुंबईला बदली झाली होती तेव्हाची. वीदीतलीच संगीता म्हणाली, छे, ही मी, कॉन्व्हेंटमधली. शेजारच्या तमिळ मामींनाही आपलं कोइम्बतूरचं सासर आठवलं. जी ती बाहुली. चष्मेवाली कोणीच नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं बोट काढलं, एवढी साखळी काढली, आणि या बायकांना स्वतःपलीकडे काही दिसेना.

तेवढ्यात वत्सलाबाईंनी माझा हात धरला. त्या रडत होत्या. "सासूबाई जेवताना मागून माझी मान धरायच्या," त्या म्हणाल्या. "नवी होते तेव्हा. डोलली की चिमटा. मी कोणालाच सांगितलं नाही गं. माझी गोष्ट तुला कशी कळली?"

मला दया यायला हवी होती. आली नाही. राग आला, पहिल्यापेक्षा दुप्पट. चिमटा सोसलेली बाई, आणि तरी माझ्या आईला हसली. मी हात सोडवून घेतला.

"ती बाहुली मी आहे," मी म्हणाले. "तुम्ही चष्मेवाल्या."

वत्सलाबाईंचा हात आपोआप चष्म्याच्या साखळीकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी मान खाली घातली, पदर सावरला आणि कोणाकडे न बघता दाराकडे निघाल्या.

"थांब वत्सला."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात कुंकवाचा करंडा. किती वेळची उभी होती कोण जाणे. कोलूला आलेली सवाष्ण कुंकू न लावता जात नाही, हे वत्सलाबाईंनाही ठाऊक होतं. त्या थांबल्या, पण मान वर होईना. खाली घातलेल्या कपाळाला कुंकू लावता येत नाही. आई बोट कुंकवात बुडवून तशीच उभी राहिली. तिला घाई नव्हती.

"मान वर कर," आई म्हणाली. आमच्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मजही त्या दिवशीं रडूं आलें होतें. मी आंत जाऊन रडलें, तुज दिसलें नाहीं. तूं इथें रड. सगळ्यांपुढें."

वत्सलाबाईंनी चेहरा वर केला. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायची सोय नव्हती, कारण आई कुंकू लावत होती, सावकाश, अगदी गोल. मग तिने त्यांच्या ओंजळीत पान-सुपारी ठेवली, आणि चंद्रमतीअक्कांकडे वळून, मराठीतच, सुंडलात मीठ बरोबर पडलं आहे का ते विचारलं.