टेपा न सोडणारं कपाट

मी टेपांचं कपाट. सावकाश बोलतो, कारण माझं कामच सावकाशीचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचा एक कारखाना आहे. खाली माग धडधडतात आणि वर काचेच्या थंड खोलीत मी उभा असतो.

माझा जन्म कुठं तरी परमुलखात झाला. खोक्यात बसून आलो. टेम्पोतून उतरवताना एक कोपरा चेपला, तो अजून तसाच आहे. पोटात चोवीस खण, खणाखणात कॉम्प्युटरातलं काम साठवून ठेवणारी एकेक टेप, एक लोखंडी हात आणि त्या हाताला एक डोळा. प्रत्येक टेपेच्या कपाळावर काळ्या रेघांची चिठ्ठी असते, ते तिचं नाव. कॉम्प्युटर नाव सांगतो, डोळा वाचतो, हात टेप काढून देतो. नाव दिसलं नाही तर मी टेपेला हात लावत नाही. एवढी एकच शिकवण मला मिळाली.

माझ्या पोटात ईश्वरप्पांचा उभा जन्म आहे. चाळीस वर्षं त्यांनी पुठ्ठ्याला भोकं पाडून चादरींची नक्षी बसवली. पुठ्ठ्यांना वाळवी लागली, तेव्हा इथं कॉम्प्युटर बघणाऱ्या नातेपुत्याच्या वैष्णवीनं ती सगळी नक्षी कॉम्प्युटरात घेतली आणि एक प्रत माझ्याकडं ठेवली. पुठ्ठे बंबात गेले.

खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. वैष्णवी गावी गेली होती. ईश्वरप्पा वर आले, खुंटीवरची किल्ली घेतली, माझे कप्पे बाहेर ओढले आणि एकेका टेपेच्या कपाळावर ओल्या विभूतीचे तीन पट्टे ओढले. तोंडानं कानडीत काहीबाही पुटपुटत होते. इतक्या हळुवारपणे मला कुणी हाताळलं नव्हतं. कप्पे आत गेल्यावर मी रिवाजाप्रमाणं मोजदाद केली. खण चोवीस, नाव एकही नाही.

मला कुणी विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी कॉम्प्युटरची डिस्क जळाली. नक्षी आता फक्त माझ्यापाशी उरली. वैष्णवीनं सातवी टेप मागितली. मी म्हटलं, नाही. तिनं मला बंद करून चालू केलं. नाही. किल्ली लावली, तर कप्पा निघेना. मागणी चालू असली की मी कप्पे आतून धरून ठेवतो, हात फिरताना कुणाची बोटं सापडू नयेत म्हणून.

मालक सोमशेखर वर आले. मागं मिस्त्री नंदीश, हातात पहार.

“आठ माग उभे हायेत गं. किती येळ?”

“सकाळपास्नं झटतीय, मालक. टेपा आत हायेत, पर ह्यो म्हणतोय न्हाईत.”

“मग फोड की रं नंदीश. तिजोरी उघडलेला गडी तू.”

“तिजोरी कुटली मालक, सासरचं कपाट होतं. अजून बोलणी खातोय.”

ईश्वरप्पा दाराशी उभे होते. “फोडल्यावर आतलं ऱ्हाईल का बाय?”

“टेप चिरडली तर गेली, आप्पा. दुसरी प्रत कुटंच न्हाय.” वैष्णवी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “अर्धा तास द्या, मालक.”

तिनं मोबाईलचा उजेड काचेला लावला. आत चोवीस कपाळं पांढरीफेक.

“ह्ये कुणी केलं?”

ईश्वरप्पांना गप्प राहता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं.

“मीच की. मागांना लावली, वजनकाट्याला लावली. ह्येंच्यात तर माजं समदं हाय, ह्येंनाच कसं सोडू?”

“आप्पा,” नंदीश म्हणाला, “पोरास्नी तीट लावायची सोडून तोंडच रंगवलंत की!”

मालक हसले नाहीत. पहार खाली ठेवायला लावली.

वैष्णवीनं मागणी रद्द केली. मी कप्पे सोडले. ईश्वरप्पांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. विभूती फडक्यानं पुसून टाकवेना, म्हणून ते बोटानं खरवडत आणि आपल्याच कपाळाला लावत. चोवीस टेपा होईस्तोवर भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. राहिलेली भुकटी धोतराच्या सोग्यानं झटकली.

मी पुन्हा मोजलं. तेवीस नावं. हात हलला, सातवी टेप निघाली आणि पडद्यावर कमळाची जाळी उमटली.

“ही आमच्या घरवालीला, चंद्रव्वाला दावून केल्याली,” ईश्वरप्पा म्हणाले. “म्हणली, पाकळी लई जाड झालीया. खरंच जाड हाय.”

खाली माग सुरू झाले.

एकोणिसाव्या टेपेची चिठ्ठी मात्र खरवडताना फाटली. वैष्णवी म्हणते, नवी मागवू. तोवर ती माझ्या पोटात बिननावाची बसून आहे. तिच्यात कुठली नक्षी आहे, हे मला सांगता येत नाही. तेवढं ईश्वरप्पांना विचारून कुठं तरी लिहून ठेवा, त्यांना आठवतंय तोवर.