गिरमिटाची शर्त

"आक्का, तुमी खुरप्यानं एक कंद लावायच्या आत मी दहा लावतो! न्हाई लावले तर डोक्यात गजरा माळून फाट्यावर चहा वाटीन!"

असं मी भर चौकात बोललो आन् मोकळा झालो.

देवगाव फाट्याला माझं दुकान, जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नव्या तारा भरायचं. मागच्या घरात बायनाआक्का राहती. अंगणातल्या निशिगंधाचे गजरे ओवून फाट्यावर बसवाल्यांना इकती, त्याच्यावर तिचं घर. यंदा तिनं जुने वाफे उकरून कंद काढले होते, फुलावर एक ओळ तेवढी ठेवली होती. आन् मी मोबाईलवरून ड्रिल मशीनला लावायचा गिरमिट मागवला होता. हातभर लांब, पीळ दिलेला. आठ दिवसांपासून कुठंतरी भोक पाडावं म्हणून माझे हात शिवशिवायलते.

आक्का हसली. "लावायची कसली शर्त? उगवायची लाव. शंभर कंद तू घे, शंभर मी. पंचवीस दिवसांनी ज्याचे कोंब जास्त त्यो जिंकला. तवर पाणी द्यायचं, मातीला हात लावायचा न्हाई. लावला त्यो हरला."

"मंजूर!"

"आन् सिद्धोधन, माझ्याकडं दोनशेच कंद हायेत. निम्मं बेणं तुज्या हातात द्यायले. मस्करी माणसांची कर, कंदांची नगं."

चहावाला आश्रुबा पंच झाला.

दोन्ही वाफ्यांना आदल्या दिवशी पाणी दिलेलं. आक्कानं चिमूटभर माती दाबून बघितली. "अजून वाफसा आला न्हाई. बोटाला चिकटायलीय. परवा लावीन."

"परवा?" मी मशीन चालू केली. घर्रर्र! काळ्या मातीचे वेटोळे वर यायले, भोकावर भोक पडायलं. चाळीस मिनिटांत शंभर कंद आत. आश्रुबानं शिट्टी मारली.

तिसऱ्या दिवशी आक्का खुरपं घेऊन बसली. मी लग्नातला माईक मागून आणला. "प्रवाशांनी ध्यान द्यावं! परभणीकडं जाणारी बायनाआक्का एक्सप्रेस अठ्ठेचाळीस तास लेट हाय!" अख्खा फाटा हसला. आक्का सुद्धा.

मंग काय, काम संपलं आन् माझं बसणं बी संपलं. सकाळी उठलो की वाफ्यावर. मोटार भरायला बसलो की पाच तारा गुंडाळून वाफ्यावर. जेवता जेवता वाफ्यावर. चौथ्या दिवशी काय दिसणार? पण पाय ऐकत न्हवते.

"अंड्यावर बसलेल्या कोंबडीला बी तुमच्यापरीस धीर आसतो," बायको धम्मशीला म्हणली. "बसा की एका जागी!"

नवव्या दिवशी दुपारी पाणी द्यायला गेलो. आक्काच्या वाफ्यात पाणी पडलं की मुरायलं. माझ्या वाफ्यात भोकाभोकाच्या तोंडाशी तसंच उभं. पेल्यात चहा भरून ठेवावा तसं. इकडं तिकडं बघितलं आन् एका भोकात बोट घातलं. कडा मडक्यासारख्या गुळगुळीत. ओल्या चिखलात गिरमिट फिरला आन् त्यानं भिंती लिंपून टाकल्या होत्या. खाली कंद बोटाला मऊ लागला.

डोकं लगेच पळालं. सेलूहून कोंब आलेले कंद आणायचे, गुपचूप खोचायचे, पंचविसाव्या दिवशी वाजतगाजत जिंकायचं. आपल्याला काय अवघड? दोन मिनिटं मी हसलो बी.

पण आक्काचे कंद? ते तर तिथंच सडणार. फुलं कुठून येणार, गजरे काय मातीचे ओवणार?

मी गुडघ्यावर बसलो आन् दोन्ही हातांनी माती उकरायलो. आक्का धावत बाहेर आली.

"आरं हात लावला! हरलास की!"

"हरलो, हरलो! आधी टोपलं आणा!"

तिनं टोपलं फेकलं आन् शेजारी बसली. ती बी उकरायली. अकरा कंद पार पाणी झालते. बाकीचे अजून टणक होते. ते तिनं गोणपाटावर सावलीत पसरले, एकेक पुसला. "चार दिवस सुकू दे. मंग मी लावीन, तू लांब उभा ऱ्हा."

"माईक घेऊन?"

"तोंड धुवून."

ऐतवारी बाजाराच्या वक्ताला फाटा भरला. आक्कानं त्या एका ओळीतला गजरा स्वतः ओवून आणला. माझ्या डोक्याला केस चार, गजरा सारखा घसरायलता. शेवटी तिनं सुतळीनं हनुवटीखाली गाठ मारली. आश्रुबानं पेल्यांचा ट्रे हातात दिला आन् माझाच माईक उचलला. "मंडळी, आजचा चहा शर्त हरलेल्या सिद्धोधनच्या हातचा!"

जीपवाले खाली उतरले. धम्मशीला पदर तोंडात धरून मोबाईलवर शूटिंग करायली. तेवढ्यात जिंतूरची बस लागली. खिडकीतून कंडक्टरनं बघितलं, डोळे चोळले.

"वहिनी, दोन चहा!"

"आले दादा, आले!" म्हणत मी ट्रे सावरत पळालो.