वजनाला दोघी

माईने मागच्या सीटवर मांडी घालायला एक पाय वर घेतला, तोच बापू बाहेरून ओरडला.

“पाय खाली, माई! गाडीत माणसं बसतात तशी बस. मधोमध.”

“माणसं गाडीत बसतात ती कुठेतरी जायला,” माई म्हणाली. “तू मला पोत्यासारखी ठेवलीयस.”

यात खोटं काही नव्हतं. इंजिन केव्हाच निघून शेडच्या कोपऱ्यात गेलं होतं आणि त्याच्या जागी वाळूची तीन पोती होती. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. पुढच्या सीटवर सून, मागच्या सीटवर माई. डाव्या बाजूला दोन्ही दारांखालून जो लांब पत्रा जातो, तो गंजून पार बिस्किटासारखा झाला होता. माई त्याला गाडीचा उंबरठा म्हणायची. बापूने तो कापून काढला होता आणि आज नवा जोडायचा होता. रिकाम्या गाडीला जोडला, तर नंतर माणसं बसल्यावर गाडी पोटात वाकते आणि दारं लागत नाहीत, असं त्याने मोबाइलवर कुठेतरी पाहिलेलं. म्हणून खरी माणसं खऱ्या जागी बसवून काम करायचं, हा त्याचा शोध. डावीकडची दारं बंद करून त्यांच्या फटींत त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या खोचल्या होत्या. उजवीकडची दारं भिंतीला इतकी भिडलेली, की त्यांतून मांजरही गेलं नसतं. म्हणजे काम होईस्तोवर दोघींची सुटका नव्हती.

“किती वेळ?” माईने विचारलं.

“तासभर. फार तर दीड.”

“तुझे तास मला ठाऊक आहेत. बंपर आठ दिवसांत करणार होतास.”

पुढच्या सीटवरून हसल्यासारखा आवाज आला. सून हसली तरी पाठमोरी होती, त्यामुळे माईला तिला काही म्हणता आलं नाही. बापूने वेल्डिंगच्या उजेडाचा त्रास नको म्हणून डावीकडच्या काचांवर जुनी चादर टाकली. आत एकदम संध्याकाळ झाली. उशा ठेवलेल्या ट्रंकेसारखा वास येत होता आणि त्यात जळक्या रंगाचा वास.

गाडी बापूच्या वडिलांची. ते गेले आणि ती बारा वर्षं जागची हलली नाही. बापू कचेरीत कारकून. पत्र्याशी त्याचा संबंध काय तो डब्याच्या झाकणापुरता. पण चार वर्षांपूर्वी एका रविवारी तो पत्रा कापायचा ग्राइंडर घेऊन आला आणि तेव्हापासून घरातले सगळे रविवार शेडमध्ये जमा होत गेले. माई येता-जाता त्याची टर उडवायची. ‘आमचे कारखानदार’ म्हणायची. मनातून तिला बरं वाटायचं. मुलगा डोळ्यांसमोर होता, ठोकाठोकीचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि दर दोन तासांनी चहा मागायला तो तिच्याकडेच यायचा.

बाहेर चर्र झालं. चादरीतून निळा उजेड आत आला आणि विझला.

“पहिला टाका!” बापू ओरडला. “छान चाललंय. हलू नका!”

“माई,” सून समोर बघतच म्हणाली, “एक सांगायचं होतं.”

“संध्याकाळी सांग. इथे मला घाम फुटलाय.”

“संध्याकाळी तुम्ही उठून जाता.”

 अवघड विषय निघाला, की माईला नेमकं दूध उतू जायचं आठवायचं, दोरीवरचे कपडे आठवायचे. त्यांत काही नाही जमलं तर गुडघा. सहा वर्षांत सुनेचं एकही वाक्य तिने शेवटपर्यंत होऊ दिलं नव्हतं. आता एका बाजूला भिंत होती, एका बाजूला चादर, आणि समोर सुनेचा घट्ट बांधलेला अंबाडा.

“बोल मग,” ती म्हणाली. “धरून आणलंच आहेस तर.”

“मला नोकरीचं बोलावणं आलंय. मोठा दवाखाना आहे, शिकवायचंही आहे. कवळ्यांचा सगळा विभाग माझ्या हाताखाली राहील. राहायला दोन खोल्या देतायत.”

सून दातांच्या कवळ्या बनवायची. एका अंधाऱ्या गाळ्यात बसून, दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली. माईच्या तोंडातली कवळीही तिच्याच हातची. ज्या दातांनी माई तिला उठता-बसता फाडून खायची, ते दात सुनेनेच घडवलेले होते, आणि ते एक दिवसही सैल झाले नव्हते. माईला हे कळत होतं. तोंडातून मात्र तसा शब्द कधी निघाला नव्हता.

“कुठे आहे हा दवाखाना?”

“लांब आहे. रात्रभर प्रवास.”

पुन्हा चर्र. उजेड आला, गेला.

“बापू काय म्हणतो?”

 सुनेने मांडीवरची पत्र्याची एक कपची उचलली, तिच्याकडे बघितलं आणि समोरच्या कप्प्यात ठेवली.

“ते म्हणतात, गाडी झाली की माईला सांगू. गाडीतूनच जाऊ म्हणतात. तुम्हालाही घेऊन.”

“मला घेऊन? मी काय सामान आहे?”

“मी त्यांना तेच म्हटलं. माईंना आधी विचारा म्हटलं.”

 आपल्या वतीने कुणी बोललं होतं, आणि ते नेमकं हिने, हे माईला पचेना. तिने दुसरीकडून हल्ला केला.

“मग बरं झालं की तुझं. हा पत्रा लागला की झालीच गाडी. तोच म्हणत होता काल, एवढं मोठं काम शेवटचं, मग रंग.”

“हो,” सून म्हणाली. “होकार सोमवारपर्यंत कळवायचाय. म्हणून तर मी आज सुट्टी घेऊन इथे बसलेय.”

आज शुक्रवार होता; बापूनेही कचेरीत रजा टाकली होती. माईने मनाशी हिशेब केला. एक पत्रा. मग रंग. मग रिकामी शेड, रिकामं स्वयंपाकघर, चहा एका माणसाचा. शेजारीण विचारील, एकट्याच का हो, आणि चार जणींत मान खाली घालावी लागेल. सगळ्या आयुष्यात माईने कुणापुढे मान खाली घातली नव्हती.

“शेवटचे चार टाके!” बाहेरून बापू. “आता श्वाससुद्धा जपून घ्या!”

माई श्वास जपून घेत राहिली. मग तिने दोन्ही हात सीटवर रोवले, अंग उचललं आणि डाव्या दाराकडे सरकली. सगळा भार खांद्यावर घेऊन तिने तो दोन दारांमधल्या खांबावर टाकला. बापूच्या वडिलांना त्यांच्या आजारपणात उचलून कुशीवर वळवताना टाकायची, तसा. गाडी कण्हल्यासारखी वाजली. त्याच क्षणी बाहेर चर्र झालं, पुन्हा झालं, आणखी दोनदा झालं. माई सावकाश आपल्या जागी परत आली.

सुनेचा अंबाडा जरासुद्धा हलला नाही.

“झालं!” बापूने वेल्डिंगचा मुखवटा काढून चादर ओढली. घामेजलेला, हसरा. तो पुढच्या दाराच्या मुठीला झोंबला. दार आलं नाही. त्याने मागचं ओढून पाहिलं. तेही नाही. मग तो खाली बसला, वर उठला, पुढचं दार आणि खांब यांच्या फटीवरून बोट फिरवलं. वर बोट आत जात होतं, खाली नखही शिरत नव्हतं.

माई त्याच्या तोंडाकडे बघत होती. काय दिसणार ते तिला माहीत होतं. लहानपणी पतंग फाटला की दिसायचं ते तोंड. त्यासाठी तिने शब्दही तयार ठेवले होते: जाऊ दे रे, पुन्हा करू, घाई कसली आहे.

पण बापूचे खांदे सैल झाले. कपाळावरची आठी उलगडली. परीक्षा पुढे ढकलली, असं कळल्यावर त्याचं तोंड जसं व्हायचं, तसं झालं.

“वाकली,” तो म्हणाला. “काढावा लागेल सगळा. नवा पत्रा आणायचा, कापायचा… दोन-तीन महिने तरी गेले.” आणि मग बायकोकडे बघून, “काय करणार! नशीब बघ ना आपलं.”

नशीब म्हणताना त्याने शीळ घालायची तेवढी बाकी ठेवली होती. ग्राइंडरची चकती झिजली होती. टाके कापून दोघींना बाहेर काढायला नवी चकती हवी, कोपऱ्यावरून घेऊन येतो, पाच मिनिटांत, असं सांगून तो निघाला. फाटक वाजलं.

 एक माशी समोरच्या काचेवर चालत होती.

“मी सरकले,” माई म्हणाली.

“मला कळलं. गाडी हलली ना.”

“मग ओरडली का नाहीस?”

“ओरडून काय?” सून पहिल्यांदाच वळली. तिचे डोळे कोरडे होते, फक्त दमलेले. “पहिल्या वर्षी बंपर होता. मग पुढचा मडगार्ड. मग छताचा पत्रा, तो तर चांगला होता, माई. मी मागून बोटं फिरवून पाहिला होता. तरी कापला. आधीही दोनदा बोलावणं आलं होतं मला. दोन्ही वेळा गाडी व्हायची होती.”

माईला छताचा पत्रा आठवला. दोन महिने ठोकाठोक चालली होती आणि दोन महिने तिने कौतुकाने चहा केला होता. तिला वाटायचं, मुलगा आईला सोडून जायला तयार नाही. आज त्याचं तोंड बघितलं नसतं, तर मरेपर्यंत तसंच वाटत राहिलं असतं. तो कुणालाच काही सांगायला तयार नव्हता, एवढंच होतं. आणि आपण त्याला आजवर कपाकपाने चहा पुरवत होतो.

“माझ्यासाठी थांबतो, असं सांगत असेल तुला,” ती म्हणाली.

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणतात.”

“मला!” माईने तोंडावरून हात फिरवला. “मला वाईट वाटलं तर मी घर डोक्यावर घेते, हे गल्लीला ठाऊक आहे. लपवून ठेवलं म्हणून वाईट वाटायचं टळतं का?”

 माईने पुढे वाकून तिच्या दाराकडे पाहिलं.

“ती काच खाली होते का गं?”

“होते.”

“मग बसून काय राहिलीस? तू बारीक आहेस, निघशील. माझं काही खरं नाही, मी अडकले तर अर्धं घर पाडावं लागेल.”

सुनेने काच खाली केली. आधी डोकं, मग खांदे. माईने मागून तिचे घोटे धरून आधार दिला. सून जमिनीवर उतरली, कपडे झटकले आणि खिडकीशी उभी राहिली. गुडघ्याला गंज लागला होता.

“आता आत जा आणि त्या दवाखान्याला फोन लाव,” माई म्हणाली. “सोमवारची वाट बघू नकोस.”

“आणि यांना?”

“याला मी सांगते. त्याला मला सांगायला चार वर्षांत जमलं नाही. मला त्याला सांगायला चार मिनिटंही लागायची नाहीत.”

“माई, ते आले नाहीत माझ्याबरोबर तर?”

माईने हे मघापासून मनात दाबून धरलं होतं. तिने सुनेच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. इतक्या जवळून, सरळ समोरून, बहुतेक पहिल्यांदाच.

“मग तू गेलेली असशील,” ती म्हणाली. “बॅग माळ्यावर आहे, माझी, मोठी. माझ्याने ती निघायची नाही, तू स्टूल घे. आणि जा आता, मला हे असं गोड बोलायची सवय नाही. जीभ आखडली.”

सून गेली. स्वयंपाकघराचं दार वाजलं. थोड्या वेळाने आतून तिचा आवाज येऊ लागला, आधी हळू, मग ठाम. शब्द कळत नव्हते. माई ऐकत बसली.

फाटक उघडलं. नव्या चकतीचं पाकीट दातांनी फोडत बापू आत आला आणि पुढची रिकामी सीट बघून थांबला.

“ही कुठे गेली? कशी निघाली?”

“खिडकीतून.”

“अगं पण तसं नाही चालणार. मला आता परत वजन लागेल ना.”

“मी आहे,” माई म्हणाली. “आणि तो मुखवटा चढवू नकोस एवढ्यात. इकडे ये, जवळ. खाली बस.”